टाकीतला सायबोर्ग

मानवजातीवर संकट आणायचं ठरलं की माणसाने निदान घरातल्यांना तरी विश्वासात घ्यावं. धाकट्यांनी ते केलं नाही, आणि पुढचा सगळा गोंधळ त्यातून झाला. बायकोला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, ऑफिसात तर शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना सांगितलं. ज्याला सांगायचं त्यालाच तेवढं सांगायचं राहिलं.

धाकटे पाणीपुरवठा कार्यालयात ड्राफ्ट्समन होते. नळ, टाक्या आणि वॉल म्हणजे पाण्याच्या झडपा यांचे नकाशे काढण्यात तीस वर्षं गेली होती. वय छप्पन्न, पण घरात थोरले दादा असल्यामुळे हे जन्मभर धाकटेच राहिले. इमारतीतही धाकटे, ऑफिसातही धाकटे. साहेबसुद्धा ‘अहो धाकटे’ म्हणूनच हाक मारत.

रेडिओ केंद्राने हौशी मंडळींकडून विज्ञानावरच्या श्रुतिका मागवल्या होत्या, अर्ध्या तासाच्या. धाकट्यांनी जेवणाच्या सुट्टीत बसून पंधरा दिवसांत एक लिहून टाकली. सायबोर्ग म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धं यंत्र, हे त्यांनी पहिल्याच पानावर खुलासेवार दिलं होतं. असे चाळीस हजार सायबोर्ग पृथ्वीवरच्या पाण्याच्या झाडून सगळ्या वॉलवर ताबा मिळवतात आणि मानवजातीला तहानेने शरण यायला लावतात. त्यांचा म्होरक्या म्हणजे क्रमांक सात. दुसऱ्या एखाद्या लेखकाने सायबोर्गांच्या हाती तोफा दिल्या असत्या, धाकट्यांनी पक्कड आणि पाना दिला. सोबत जगातल्या मुख्य जलवाहिन्यांचा नकाशाही जोडला, प्रमाणासकट. रेडिओवर नकाशा दिसत नाही, असं बायकोने सुचवून पाहिलं. त्यावर तो ऐकणाऱ्याला आतून जाणवतो असं उत्तर मिळालं, आणि तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

श्रुतिका चक्क मंजूर झाली. केंद्राचं पत्र आलं. दीड महिन्याने स्टुडिओत ध्वनिमुद्रण, त्याआधी फोनवर मुद्रित केलेला नमुना पाठवायचा, आणि खाली बारीक टाइपात अकरा नियम. नववा नियम असा, की संगणकाने किंवा यंत्राने निर्माण केलेला आवाज चालणार नाही, प्रत्येक भूमिका माणसानेच करावी. धाकट्यांनी सगळे नियम दोनदा वाचले आणि मान डोलावली. नियम असले की त्यांना बरं वाटायचं.

आता दादांविषयी सांगायला हवं, कारण धाकट्यांचा जीव त्यांच्यातच अडकलेला होता.

दादा एकतीस वर्षं बस स्थानकावर उद्घोषक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती मिनिटं उशिरा, हे सांगणारा तो आवाज साऱ्या गावाला पाठ होता. गाडी स्वतःच्या डोळ्यांनी आत आलेली पाहिल्याशिवाय तिची घोषणा करायची नाही आणि प्रत्येक घोषणा दोनदा करायची, हे त्यांचे दोन नेम होते. निवृत्तीनंतर चार वर्षांनी घशाचं दुखणं निघालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. दवाखान्याने टॉर्चएवढं एक यंत्र दिलं होतं. ते गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की आवाज निघतो. घरघरता, एका पट्टीतला, चढ नाही की उतार नाही. दादांनी तो एकदा ऐकला, यंत्र डबीत घातलं आणि डबी कपाटाच्या खणात ठेवून दिली. त्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून दादा चिठ्ठ्यांवर बोलत, आणि चिठ्ठ्यांतही स्थानक सुटलं नव्हतं. ‘सकाळचा चहा दहा मिनिटे उशिराने मिळाला. गैरसोय झाली,’ अशी चिठ्ठी आली की धाकट्यांची बायको हसून आधण ठेवायची. बाहेरचं कुणी आलं तर दादा आतल्या खोलीत जाऊन बसत, आणि त्यांच्या वतीने धाकटे बोलत. दादा बरे आहेत, दादांना चहा नको, दादांना आवडलं. दीड वर्षात धाकट्यांना दादांच्या वतीने बोलायची इतकी सवय झाली होती, की दादा कपाळाला आठी घालायच्या आत ते ‘दादांना पटलेलं नाही’ असं सांगून मोकळे व्हायचे.

अशा घरात यंत्रासारखा आवाज काढणाऱ्या म्होरक्याची तालीम कशी करायची? दादा मनाला लावून घेतील, आपल्यावरच बेतलंय असं त्यांना वाटेल, अशी धाकट्यांना भीती होती. आणि खरं सांगायचं तर लिहिताना त्यांच्या कानात कुठला आवाज होता, हे त्यांनी स्वतःलाही नीटसं विचारलं नव्हतं. दादांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. बायको म्हणाली, की त्यापेक्षा भाऊजींना सरळ विचारा ना. पण सरळ विचारणं हा धाकट्यांचा पिंडच नव्हता.

क्रमांक सातच्या भूमिकेसाठी तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर तयार झाले. उंच, धिप्पाड, कॉलेजात असताना नाटकात काम केलेलं. मानवजातीचा सेनापती लेखकाने स्वतःकडे ठेवला. सायबोर्गांचं रहस्य उलगडणारी शास्त्रज्ञ म्हणून तिसऱ्या मजल्यावर शिवणाचा क्लास चालवणाऱ्या बाई आल्या. पहिली तालीम दवाखान्यात झाली आणि तिथेच अडचण लक्षात आली. पंचवीस वर्षं घाबरलेल्या माणसांना खुर्चीत बसवून धीर देण्यात गेल्यामुळे डॉक्टरांचा आवाज अतिशय मऊ झाला होता. ‘मानवांनो, शरण या’ हे वाक्य ते अशा मायेने म्हणायचे, की शिवणाच्या बाईंना शरण जावंसं वाटलं. दुसऱ्या वेळी सवयीने त्यापुढे ‘काही दुखणार नाही’ एवढं त्यांनी पदरचं घातलं.

मग आवाज यांत्रिक कसा करायचा, यावर इमारतीने सल्ले द्यायला सुरुवात केली. कुणी सांगितलं पातेल्यात तोंड घालून बोला. पातेल्यात घातलेलं डॉक्टरांचं तोंड बाहेर काढायला साबण लावावा लागला. कुणी सांगितलं चालत्या टेबलफॅनसमोर बोला. त्याने आवाज थरथरला खरा, पण संहितेची पानं खिडकीतून उडाली, आणि मानवजातीच्या विनाशाचा सगळा तपशील दोन दिवस पार्किंगमधल्या गाड्यांखाली सापडत होता. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी कॉम्प्युटरवर कुठलाही आवाज कसाही करून मिळतो असं सांगितलं, तेव्हा धाकट्यांनी त्यांना नववा नियम तोंडपाठ म्हणून दाखवला. शेवटी टाकी सुचली ती धाकट्यांनाच.

इमारतीच्या गच्चीवर सिमेंटच्या दोन टाक्या होत्या, पूर्वेची आणि पश्चिमेची. पूर्वेची गळत होती, म्हणून ती रिकामी करून प्लंबरच्या हवाली केली होती. कोरडी, स्वच्छ, आणि आत बोललं की आवाज असा घुमायचा की बोलणाऱ्यालाच धडकी भरावी. शिवाय दादांची खोली पहिल्या मजल्यावर. मध्ये तीन मजले आणि एक गच्ची. म्हणजे त्यांच्या कानावर जायचा प्रश्नच नाही. डॉक्टर शिडीने आत उतरले, वरून त्यांच्या हातात बॅटरी दिली आणि पहिलंच वाक्य असं घुमलं की शिवणाच्या बाईंनी गच्चीच्या कठड्याला धरलं. धाकट्यांच्या जिवात जीव आला. तीन आठवडे रोज संध्याकाळी मंडळी वर जात. जाताना जिन्यात बूट हातात घेत, आणि दादा दारात दिसले तर गच्चीवरच्या हवेबद्दल बोलत.

हे सेक्रेटरींच्या नजरेतून कसं सुटेल? इमारतीचे सेक्रेटरी कोर्टातून निवृत्त झाले होते आणि लेखी असल्याशिवाय त्यांना पाऊससुद्धा मान्य नव्हता. टाकीचा वापर पाण्याव्यतिरिक्त अन्य कारणासाठी होत असल्याचं निदर्शनास आलं आहे, तरी खुलासा करावा, असा कागद धाकट्यांच्या हाती पडला. धाकट्यांनी रीतसर अर्ज केला. कारणाच्या रकान्यात ‘ध्वनिविषयक’ लिहिलं. सेक्रेटरींनी तो परत पाठवला, की ध्वनी कसला, कुणाचा आणि किती वेळ ते नमूद नाही. दुसऱ्या अर्जात धाकट्यांनी ‘सायबोर्गाचा, वय अज्ञात, रोज पाऊण तास’ असं लिहिलं. त्यावर चौकशी होऊन सूचना फळ्यावर लागली, की टाकीत उतरणाऱ्याने पाय धुऊन उतरावं. टाकी कोरडी असल्याने पाय ओले असतील तर ते आधी पुसून घ्यावेत, अशी पुरवणी दुसऱ्या दिवशी आली. रहिवाशांमध्ये कुजबुज सुरू झाली. आपण जे पाणी पिणार आहोत त्यात दातांचे डॉक्टर उभे असतात, हे काहींना पचेना. अखेर रविवारी दुपारी साडेतीनला पार्किंगमध्ये सभा ठरली. विषय पहिला, टाकीचा गैरवापर. विषय दुसरा, सोसायटीची शिडी विनापरवाना नेल्याबद्दल. विषय तिसरा, दुरुस्त झालेल्या पूर्वेच्या टाकीत चाचणीसाठी ठीक चार वाजता पाणी सोडणे.

सभेची सूचना डॉक्टरांनीही वाचली होती, पण पहिल्या ओळीपर्यंतच. नमुना सोमवारी पाठवायचा होता. सभेत धाकटे खिंड लढवतील, आपण तेवढ्यात धमकीचा मोठा उतारा घोटून घेऊ, असा विचार करून ते बूट आणि फोन गच्चीवर ठेवून टाकीत उतरले. धाकट्यांना वाटलं डॉक्टर दवाखान्यात आहेत. पावणेचारला वॉचमन वर आला. शिडी पुरावा म्हणून सभेत हजर करायचा हुकूम होता, तो त्याने पाळला. आतून ‘तुमची शेवटची घटका भरली आहे’ असं त्याला ऐकू आलं. पण तीन आठवडे रोज तेच ऐकत असल्याने त्याने आत डोकावून पाहिलं नाही. डॉक्टर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते. मागून शिडी गेली हे त्यांना समजलं नाही.

पार्किंगमध्ये सेक्रेटरी हातात माइक घेऊन धाकट्यांचा दुसरा अर्ज मोठ्याने वाचत होते. ‘सायबोर्गाचा, वय अज्ञात’ इथे खुर्च्यांमधून हसू पसरलं. धाकटे मान खाली घालून बसले होते. सरकारी नोकरीत तीस वर्षांत त्यांच्या एकाही अर्जाला कुणी हसलं नव्हतं. शेजारी शिडी भिंतीला टेकवून उभी होती. चारला पाच मिनिटं असताना वॉचमनने घड्याळ पाहिलं आणि वॉलच्या खोलीकडे गेला. काम झाल्यावर परत येऊन आपल्या जागेवर उभा राहिला.

चार वाजून गेल्यावर थोड्याच वेळाने जिन्यातून दादा आले.

अंगात घरातला लेंगा, वर मात्र इस्त्रीचा शर्ट, वरच्या गुंडीपर्यंत लावलेला. इतक्या माणसांत ते दीड वर्षाने येत होते. कुणीतरी उठून खुर्ची दिली. त्यांनी ती घेतली नाही. धाकटे सवयीने उठले आणि ‘दादांना काहीतरी’ एवढं म्हणाले. दादांनी त्यांना हाताने बाजूला केलं, सरळ सेक्रेटरींपाशी गेले आणि त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. सेक्रेटरींच्या हातून सभा चालू असताना माइक कुणी घेण्याची ही पहिलीच वेळ होती. दादांनी माइकवर टिचकी मारली नाही की फुंकर घातली नाही. तो तोंडापासून चार बोटं लांब धरला, दुसऱ्या हाताने खिशातून यंत्र काढलं, गळ्याला टेकवलं आणि बटण दाबलं.

“लक्ष द्या. गच्चीवरच्या पूर्वेच्या टाकीत दातांचे डॉक्टर अडकले आहेत. टाकीत पाणी चालू आहे. वॉचमननी ताबडतोब वॉल बंद करावा. शिडी घेऊन दोघांनी वर जावं. बाकीच्यांनी गर्दी करू नये.”

कुणीही हललं नाही. डॉक्टरांची काळजी नव्हती असं नाही, पण असा आवाज धाकटे सोडले तर त्यांतल्या कुणीच कधी ऐकला नव्हता. लोखंडी पत्र्याला बोलता आलं असतं तर असं काहीसं ऐकू आलं असतं. दादा क्षणभर थांबले आणि तेच सगळं, त्याच शब्दांत, तितक्याच संथपणे दुसऱ्यांदा म्हणाले. ते संपेपर्यंत वॉचमन वॉलपाशी पोचला होता आणि शिडी जिन्यात वळत होती.

डॉक्टर पोटरीइतक्या पाण्यात उभे होते. मोठा धोका असा नव्हता. टाकी भरायला एक तास दहा मिनिटं लागतात हे धाकट्यांना ठाऊक होतं, कारण तो नकाशा त्यांनीच काढला होता. पण आत उभ्या असलेल्या माणसाला तो नकाशा दिसत नाही. शिडीने वर येताना डॉक्टरांनी खाली हात देणाऱ्या शिवणाच्या बाईंना ‘दुखलं नाही ना’ असं विचारलं, आणि मग त्यांना ज्या शिंका सुरू झाल्या त्या पुढे पंधरा दिवस थांबल्या नाहीत. त्यांचा घसा पार बसला. क्रमांक सात मुका झाला.

संध्याकाळी धाकटे दादांच्या खोलीत गेले. मग दादांनी उठून न्हाणीघराचं दार उघडलं आणि भिंतीतल्या नळाकडे बोट दाखवलं. पूर्वेच्या टाकीची वाहिनी तीन मजले उतरून थेट त्या नळाला येत होती. टाकी रिकामी, वाहिनी रिकामी आणि नळ तीन आठवडे उघडाच. वर टाकीत पुटपुटलेला शब्दन् शब्द खाली न्हाणीघरात ऐकू येत होता. आज आधी डॉक्टरांच्या हाका आल्या आणि मागून पाणी आलं. तीस वर्षं नळांचे नकाशे काढणाऱ्या माणसाने दादांपासून लपवण्यासाठी गावातली नेमकी तीच एक जागा शोधून काढली होती.

दादांनी यंत्र गळ्याला लावलं. माइक नव्हता, त्यामुळे आवाज लहान होता.

“तीन आठवडे तुझा सात नंबर ऐकतोय. डॉक्टर धमकी देताना घाई करतात. घाईत सांगितलं की माणसं धावत सुटतात. घाबरत नाहीत.”

“दादा, तुला वाईट वाटेल म्हणून मी...”

“वाटलं ना वाईट. आज विचारशील, उद्या विचारशील, म्हणून रोज ती डबी उघडून ठेवत होतो.”

धाकट्यांना एकदम रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही. लपवायच्या कामात आपल्याला गती नाही हे आता सिद्धच झालं होतं. दादांनी त्यांना रडू दिलं आणि मग चिठ्ठी लिहिली, की तालमीला उशीर होत आहे.

नमुना त्याच संध्याकाळी बैठकीच्या खोलीत मुद्रित झाला, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. दादांनी क्रमांक सातचं पहिलं वाक्य म्हटलं आणि धाकट्यांची बायको स्वयंपाकघरातून हातातलं काम तसंच घेऊन बाहेर आली. तो आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता, पण कुठे थांबायचं ते त्याला माहीत होतं. ‘मानवांनो’ म्हटल्यावर दादा इतके थांबायचे, की ऐकणारा आपलं काही चुकलंय का हे आठवू लागायचा. त्यानंतरचे दहा दिवस दादांनी सगळ्यांना पळता भुई थोडी केली. शिवणाच्या बाई वाक्याच्या शेवटी श्वास सोडतात, तो आधी सोडावा. सेनापती घाबरलेला वाटतो. लेखकाने ‘तथापि’ हा शब्द सात ठिकाणी वापरला आहे, सायबोर्ग ‘तथापि’ म्हणत नाहीत. सेक्रेटरी चौकशीसाठी म्हणून येऊन बसले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी एका सायबोर्गाचं काम लेखी मागून घेतलं.

ध्वनिमुद्रणाच्या दोन दिवस आधी केंद्राचं पत्र आलं. पाठवलेल्या नमुन्यात क्रमांक सात या पात्राचा आवाज यंत्रनिर्मित असल्याचं आढळलं आहे, सबब नियम नऊनुसार श्रुतिका बाद करण्यात येत आहे. आक्षेप असल्यास समक्ष भेटावं.

धाकट्यांनी ते पत्र दादांना दाखवायच्या आधी पाच मिनिटं हातात धरलं. पूर्वीचे धाकटे असते तर त्यांनी ते सरळ खिशात घातलं असतं. त्यांनी ते दादांच्या हातात दिलं. दादांनी वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि इस्त्रीचा शर्ट मागितला.

केंद्रातल्या कार्यक्रम अधिकारी बाई कामसू आणि थकलेल्या होत्या. टेबलावर नियमांचा कागद, ध्वनिफितींचे डबे, अर्धवट प्यायलेला चहा. धाकट्यांनी पत्र पुढे ठेवलं आणि हेच ते कलाकार, असं सांगितलं. बाईंनी दादांकडे पाहिलं, त्यांच्या गळ्यावरचा रुमाल पाहिला, हातातलं यंत्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. मऊ झाल्यावर माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. त्या धाकट्यांकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मला फार वाईट वाटतं हो. पण नियमात बसवायला काहीतरी हवं. यांचा आवाज यांचा स्वतःचा म्हणायचा, की यंत्राचा?”

धाकट्यांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. दीड वर्षाची सवय होती. तोंड उघडलंही होतं. ते त्यांनी मिटलं.

“त्यांनाच विचारा,” ते म्हणाले.

बाई ओशाळल्या. खुर्ची सरकवून त्यांनी तोच प्रश्न दादांना विचारला. दादांनी यंत्र गळ्याला टेकवलं.

“हे हातातलं नुसतं वाजतं. बोलतो मी. हे टेबलावर ठेवतो, त्याला म्हणावं बोल.”

आणि त्यांनी खरोखरच यंत्र बाईंच्या समोर, नियमांच्या कागदावर ठेवलं. तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. यंत्र काही बोललं नाही. बाहेरच्या खोलीत कुणीतरी टाइप करत होतं, त्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळाने बाईंनी पेन उचललं आणि नमुन्याच्या फाइलवर ‘समक्ष खात्री केली, आवाज माणसाचा’ असं लिहून सही केली. मग तारीख घातली आणि थंड चहा संपवला.

स्टुडिओत सगळे एकाच माइकभोवती उभे राहिले. शिंकणाऱ्या डॉक्टरांना काचेपलीकडे बसवलं होतं. श्रुतिका पुढे सरकली. वॉल बंद झाले, शहरं तहानली, शिवणाच्या बाईंनी रहस्य उलगडलं, सेक्रेटरींनी आपलं एकमेव वाक्य जावक क्रमांकासकट वाचलं. आता शेवटचं पान उरलं होतं. सायबोर्गांची कळ सेनापतीच्या हाती लागते, असा शेवट धाकट्यांनी लिहिला होता. क्रमांक सात बोलत असताना सेनापती त्याला मधेच तोडून ‘बंद हो’ म्हणतो, क्रमांक सात अर्ध्या वाक्यात कायमचा गप्प होतो आणि मानवजात वाचते. लिहिताना हा शेवट त्यांना फार जोरकस वाटला होता. तालमीत दादांनी त्यात एका अक्षराचाही बदल सुचवला नव्हता.

दादा बोलत होते. डोळे मिटलेले, मान किंचित वर, यंत्र गळ्याला घट्ट टेकलेलं. पृथ्वीवरचं पाणी कुणाचं, हा साधा सवाल ते मानवजातीला विचारत होते, एका पट्टीत, कुठेही घाई न करता, आणि काचेपलीकडे डॉक्टर शिंक दाबून ऐकत होते. सेनापतीचं, म्हणजे धाकट्यांचं वाक्य आलं. शिवणाच्या बाईंनी धाकट्यांना कोपराने ढोसलं.

धाकट्यांनी काही म्हटलं नाही.

दादांचं लिहिलेलं वाक्य अर्ध्यावर संपलं. त्यांनी एक डोळा उघडला, समोर धाकट्या भावाकडे पाहिलं, आणि काय ते समजून डोळा पुन्हा मिटला. मग पुढचं वाक्य त्यांनी मनाने जोडलं, त्याच्यापुढे आणखी एक, आणि क्रमांक सात पुढे बोलतच राहिला. काचेपलीकडून अधिकारी बाई घड्याळाकडे बोट दाखवून आवरा, आवरा अशा खुणा करत होत्या. धाकट्यांनी त्या पाहिल्या, हातातल्या शेवटच्या पानाची नीट चौपदरी घडी घातली, आणि मानवजातीचं काय व्हायचं ते होवो म्हणून ती खिशात ठेवून दिली.